वाढतं माप

दादरच्या फोटोवाल्याने पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "काकू, उघडून तर बघा." सांगितलं होतं त्याहून जास्त काम त्याने केलंय, हे त्याच्या आवाजावरूनच कळत होतं.

मी फोटो बाहेर काढला. फोटोत माझी धाकटी बहीण होती आणि नव्हतीही. तिचा उजवा गाल डाव्यासारखा भरून आला होता. उजव्या कानशिलाजवळची खोल जागा बुजली होती. हनुवटी, जी जन्मभर थोडी उजवीकडे वळलेली होती, ती बरोबर मध्ये आली होती. कुणीतरी गोड, नीटस बाई माझ्याकडे बघून हसत होती.

"कॉम्प्युटरवर दोन्ही बाजू सेम केल्या," तो म्हणाला. "भिंतीवर लावायचा म्हणालात ना, म्हणून."

भिंतीवरच लावायचा होता. ती जाऊन अजून महिना झाला नव्हता.

"छान केलंस," मी म्हटलं, "पण आधी होता तसा करून दे."

"आधीचा तर..." पुढचा शब्द त्याने गिळला. मुलगा सभ्य होता.

"हो. तोच."

दुकानात उभ्या उभ्या त्याला कारण सांगता आलं नाही. मला बोलायला वेळ लागतो, लिहायला त्याहून जास्त. तरी लिहिते आहे, कारण हे ठाऊक असलेल्या दोघींपैकी आता मी एकटीच उरले आहे.

आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत राहत होतो. बाबा मिलमध्ये सूत कातायच्या रिंग खात्यात होते, आई सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात. दोघंही रत्नागिरीकडची. धाकटी रांगायला लागली होती तेव्हा तिच्या उजव्या डोळ्यात मांजराच्या डोळ्यासारखी चमक दिसायला लागली. शेजारणी म्हणाल्या, काय पाणीदार डोळा आहे पोरीचा. आईला मात्र ती चमक आवडली नाही. ती मुलीला घेऊन परळच्या इस्पितळात गेली. डोळ्याच्या आत गाठ निघाली. डोळा काढावा लागला, आणि मागे काही राहू नये म्हणून त्या बाजूला शेक दिला. किरणोपचार हा शब्द मी पुष्कळ पुढे पुस्तकात वाचला. आमच्या घरात तो कायम शेकच होता.

धाकटी जगली. तशी गाठ झालेली मुलं त्या काळी सहसा जगत नसत. त्यामुळे ती काचेचा डोळा लावून जिन्यावरून धावायला लागली तेव्हा आम्हाला सगळं मिळाल्यासारखं वाटलं. चेहऱ्याचं लक्षात आलं ते नंतर, ती शाळेत जायच्या सुमाराला. डावी बाजू वाढत होती. उजवी मागे राहत होती.

तिला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई पारशी होत्या. उंच, काटकुळ्या, पांढऱ्या साडीवर पांढरा कोट. त्यांनी आईपासून काही लपवलं नाही. शेकाने गाठ मेली, पण कोवळ्या हाडालाही तो लागला, ते आता हळू वाढणार, असं त्यांनी सांगितलं. किती हळू, कुठलं हाड, कुठल्या वयात, हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं. ते कळावं म्हणून त्यांनी धाकटीचा चेहरा मापायला सुरुवात केली. दर सहा महिन्यांनी आम्ही परळला जायचो. त्यांच्याकडे पितळेचं एक हत्यार होतं, कंपाससारखं, पण दोन्ही पाय आत वाकलेले आणि टोकं बोथट. धाकटीने त्याचं नाव खेकडा ठेवलं होतं. खेकड्याची एक नांगी कानापुढच्या उंचवट्यावर, दुसरी हनुवटीवर. मग नाकाच्या मुळापासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत. मग गालाचं हाड. आधी एक बाजू, मग दुसरी. धाकटी श्वास रोखून बसायची आणि झाल्यावर विचारायची, "चावला नाही ना?"

या मापांचं एक होतं. सहाव्या वर्षीचा चेहरा सहाव्या वर्षीच मापता येतो. ती वेळ गेली की गेली.

आणि नेमकं त्याच वेळी आईने मापणं थांबवायचं ठरवलं.

तिचं म्हणणं साधं होतं. मापायला लागल्यापासून पोरीचं तोंड मागे पडलं. तिच्या गावी जित्या माणसाला कुणी दोरीने मापत नसे, मापलं की वाढ खुंटते. माप घ्यायचं ते तिरडी बांधताना. आधी ती हे स्वतःशीच ठेवून होती, पण प्रत्येक खेपेला फरक वाढलेला दिसू लागला आणि एका संध्याकाळी भाकरी थापता थापता तिने सांगून टाकलं, "आता परळला जायचं न्हाय."

बाबा चमकले. काही महिन्यांपूर्वीच आम्ही सगळ्यांनी दादरच्या चौपाटीवर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. अख्खं गिरणगाव रडत अंत्ययात्रेबरोबर समुद्राकडे चाललं होतं ती संध्याकाळ. घरातले देव गेले होते, दृष्ट काढणं बंद झालं होतं, आणि बाबा या बाबतीत फार कडक होते.

"आपण शपथ काय घेतली?" ते म्हणाले. "नवस न्हाय, अंगारा न्हाय, असलं काय न्हाय."

"देव सोडले मी," आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "म्हसोबा सोडला, सटवाई सोडली. ह्यात देव कुठं हाय? माप म्हंजे काय देव हाय?"



"मग शिंपी मापतो ते?" मी विचारलं. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची होते आणि वादात तोंड घालण्याचं धाडस क्वचितच करत असे.

"शिंपी वाढतं माप घेतो," आई म्हणाली. "फ्रॉक शिवताना बोटभर सोडतो, आत दुमडतो. पोर वाढली की उसवायचं. ही बाई टोकाला टोक लावून घेते. वाढायला जागाच ठेवत न्हाय."

आमच्या दोघींच्या फ्रॉकना खाली तशी दुमड होती. माझ्या फ्रॉकवर तर मागच्या वर्षीच्या दुमडीची रेघही दिसत होती. ती रेघ बघताना आईचं बोलणं मला पटल्यासारखं वाटत होतं.

धाकटी कोपऱ्यातून म्हणाली, "मग ताईला मापू दे. तिचं नाक खुंटलं तर बरंच होईल."

"तुझी जीभ मापायला सांग आधी," मी म्हटलं.

आईने दोघींकडे बघून उलथणं उगारलं, आणि तो विषय तेवढ्यावर राहिला.

नुसतं जायचं बंद करणं मात्र आईच्या स्वभावात नव्हतं. ज्या बाईने पोर वाचवली तिला तोंडावर सांगायचं, म्हणून नेमलेल्या दिवशी ती आम्हा दोघींना घेऊन परळला गेली. डॉक्टरीणबाईंनी खेकडा उचलला तसा आईने धाकटीला मागे ओढलं.

"आता येणार न्हाय. हे सांगायला आलेय."

"कां, बाई? काय झाला?" त्यांनी खेकडा खाली ठेवला. "तू बोल ने."

आईने सगळं सांगितलं. खुंटणं, तिरडी, शिंपी. मला वाटलं बाई हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि शिंप्याचं पुन्हा सांगायला लावलं. आई पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट सांगताना इथे थांबायची: "हसली न्हाय ती. एवढी शिकलेली, पण हसली न्हाय."

सांगून झाल्यावर आई थोडी मऊ झाली. म्हणाली, "तुम्ही जरा वाढतं धरा. बोटभर नको. दोऱ्याएवढं. मग आणते पोरीला."

"नाय होणार, बाई. वाढतं धरला तर मी खोटं बोलले."

बाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती. फ्रॉक घातलेली, गळ्यात क्रॉस, मांडीवर वर्षभराची मुलगी, मुलीच्या डोळ्यावर पट्टी. डॉक्टरीणबाईंनी तिला आत बोलावलं. ती गिरगावातल्या खोताच्या वाडीतली होती. तिच्या मुलीला तीच गाठ झाली होती आणि डोळा नुकताच काढला होता.

"ह्या बेबीला आता शेक देणार," डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या. "तुझ्या पोरीला दिला तसा नाय. ह्या वेळी बाजूनं देणार, कानशील झाकून. तुझ्या पोरीचा चेहरा मापला तेव्हा मला हे सुचला. पण बरोबर करते का चूक, ते आत्ता नाय कळणार. दोघींचे चेहरे वाढतील तेव्हा कळेल. तुझीचा माप थांबला तर हिचा कशाशी लावून बघू?"

 खोताच्या वाडीतल्या बाईने आपल्या मुलीच्या कानशिलावर हात ठेवला आणि धाकटीच्या कानशिलाकडे बघत राहिली. आईनेही ते बघणं बघितलं.

"मग मला मापा," आई एकदम म्हणाली. "माझं खुंटलं तर खुंटू दे."

"तुझा चेहरा वाढून संपला, बाई. त्यात काय कळणार?"

"म्हंजे म्हातारी झाले म्हणा की."

"ताईला मापा!" धाकटी ओरडली. तिच्या मनात अजून माझं नाकच असावं.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. निरोगी मुलांचीही मापं त्यांना हवी होती, नाहीतर धाकटीची बाजू किती मागे पडली ते ठरवायचं कशावरून? पण धडधाकट मूल घेऊन इस्पितळात मापायला कोण येणार? आईने मला पदराआड घेतलं.

"एकीचं तोंड दिलं मी," ती म्हणाली. "दुसरीचं न्हाय."

 पट्टी बांधलेली मुलगी आईच्या क्रॉसशी खेळत होती. मी पदराआडून म्हटलं, "मापू दे, आई." त्यात शौर्य किती आणि खेकडा गालाला कसा लागतो याची उत्सुकता किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

आई भाजीवाल्याशी करायची तशी घासाघीस करू लागली. "सगळं तोंड न्हाय. एकच बाजू."

"बरा. कुठली?"

"डावी."

"डावी कां?"

"लग्नाला उभी राहील तेव्हा नवरा उजवीकडे असतोय. त्याला चांगली बाजू दिसू दे."

आता मात्र डॉक्टरीणबाई हसल्या, आणि आईही. मग दोघींनी अटी ठरवल्या. वर्षभर धाकटीची मापं नेहमीसारखी. माझी फक्त डावी बाजू मापायची, उजवीला हात लावायचा नाही. वर्ष संपलं की माझ्या दोन्ही बाजू एकदा मापायच्या. डावी मागे पडलेली निघाली तर दोघींचंही मापणं बंद.

घासाघिशीतून किती चोख प्रयोग निघाला होता, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

ते वर्ष मी दोन गाल घेऊन जगले. वेणी घालताना आई कंगवा थांबवायची आणि माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायची. खोबरेल तेल डाव्या गालाला जरा जास्त चोळायची. मी शाळेतून आले की आधी चेहरा, मग जेवण. बाहेर संयुक्त महाराष्ट्राचं वारं होतं. बाबा मोर्चाला जायचे, चाळीतली पोरं जुन्या साड्यांचे झेंडे करून गॅलरीतून मिरवणुका काढायची, आणि धाकटी त्यांच्या पुढे. एकदा मुंबईच्या घोषणा देऊन पोरांचे घसे बसले तशी ही माझ्याकडे बोट करून ओरडली, "दोन्ही गालांसह ताईचं तोंड झालंच पाहिजे!" साऱ्या गॅलरीने ती घोषणा उचलली. आई फुंकणी घेऊन बाहेर आली, पण पोरांना पांगवायच्या आधी तिलाच हसू फुटलं.

सहा महिन्यांनी आमचा मापाचा दिवस नेमका हरताळाच्या दिवशी आला. गिरण्या बंद, दुकानं बंद, बस नाही. बाबा म्हणाले, पुढच्या आठवड्यात जा. आई म्हणाली, ठरलंय ते ठरलंय, आणि आम्ही चालत निघालो. नाक्यावर हवालदाराने अडवलं.

"कुठं चाललात, बाई?"

"तोंड मापायला."

"कुणाचं?"

"पोरींचं. चला, तुमचं पण घेतील."

हवालदाराने धाकटीकडे नीट बघितलं, मग काठी बाजूला केली. "जा," तो म्हणाला, "भिंतीच्या कडेकडेनं जा."

डॉक्टरीणबाई तशा दिवशीही आल्या होत्या. आम्हाला दारात बघून त्या उठून उभ्या राहिल्या. पेशंटसाठी उभ्या राहिलेल्या डॉक्टर मी तोवर बघितल्या नव्हत्या.

वर्ष भरलं त्या दिवशी बाबाही रजा काढून आले. मी स्टुलावर बसले. खेकडा आधी डाव्या बाजूला लागला, मग पहिल्यांदाच उजव्या. बाईंनी तो पट्टीवर ठेवून बघितला. परत मापलं. परत पट्टीवर ठेवला. आई खिडकीपाशी उभी होती आणि तिचा हात धाकटीच्या खांद्यावर होता.

पट्टीवरच्या त्या बारीक रेघा आमच्यापैकी कुणालाच वाचता येत नव्हत्या. "सारख्या आहेत" एवढं त्यांनी म्हटलं असतं तर काम झालं असतं. डॉक्टरीणबाई वळून म्हणाल्या, "सारखा नाय. डावा जरासा कमी आहे."

आईने एका हाताने धाकटीला धरलं, दुसऱ्याने मला स्टुलावरून उतरवलं. ती दाराकडे निघाली.

"बाई, थांब. मी खरा बोलले ने? मग अजून एक माप घे आणि जा."

"कुणाचं?"

"माझा. तू घे."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, मी उठले होते त्या स्टुलावर बसल्या आणि खेकडा आईच्या हातात दिला. कानापुढचा उंचवटा बोटाने दाखवला, हनुवटी दाखवली. आईचे हात वाइंडिंगचे होते. तुटलेला दोरा सांधा दिसणार नाही असा जोडायचे. नांग्या तिने बरोबर जागी टेकवल्या, मग तसाच खेकडा उचलून दुसऱ्या बाजूला लावला. तो बसेना. नांग्या जवळ आणाव्या लागल्या.

आईने डोळे बारीक केले. पुन्हा पहिल्या बाजूला, पुन्हा दुसऱ्या.

"डॉक्टरीणबाई," ती हळूच म्हणाली, "तुमची उजवी कमी हाय."

"असेल. मला कधी कोणी मापला नाय. तू पयली."

आई मागे वळली. मग बाबांना म्हणाली, "तुम्ही बसा."

बाबा टोपी काढून बसले. आईने मापलं आणि म्हणाली, "हे तर पार वाकडे हायत."

"इतकी वर्षं तोंड बघतेस," बाबा म्हणाले, "तुला आज कळलं?"

धाकटी टाळ्या पिटायला लागली. बाहेरची नर्स कसला गोंधळ म्हणून डोकावली, तर धाकटीने तिलाही ओढून स्टुलावर बसवलं. नर्सचंही सारखं नव्हतं. आईने मग मला बसवलं. माझ्यातला फरक एवढा थोडा होता, की तो बघायला तिला खेकडा खिडकीच्या उजेडात धरावा लागला. बाबांच्या निम्माही नसेल. तिने माझ्या गालावरून हात फिरवला.

शेवटी तिने धाकटीला समोर घेतलं.

डावी बाजू मापली. मग खेकडा उजवीला लावला आणि नांग्या जवळ आणायला लागली. आणत राहिली. ते अंतर आमच्यापैकी कुणाच्याही चेहऱ्यात नव्हतं. रोज बघत असलेली गोष्ट तिला त्या दिवशी हाताने कळली. धाकटी श्वास रोखून बसली होती. खोलीतलं हसू थांबलं होतं.

"हे मापानं न्हाय," आई म्हणाली.

"नाय."

"हे शेकानं."

"हां. शेकानं." डॉक्टरीणबाई तिच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. "मी दिलेल्या शेकानं. पण ती आहे, बाई."

आईने मान हलवली. पोरीला कडेवर घेऊन शेकाला रोज तीच गेली होती, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. मग तिने खेकडा उलटा धरून, कात्री देतात तसा, डॉक्टरीणबाईंच्या पुढे केला.

"घ्या माप," ती म्हणाली. "नेमकं घ्या. वाढतं धरू नका."

त्यानंतर आमचा एकही मापाचा दिवस चुकला नाही. माझ्याही दोन्ही बाजू मापल्या जाऊ लागल्या, आणि पुढच्या खेपेला आईने चाळीतल्या आणखी काही आयांना पोरांसकट परळला नेलं. कुणी कुरकुर केली की ती म्हणायची, "डॉक्टरणीला मी स्वतः मापलंय, काय झालं तिला? चल."

महाराष्ट्र झाला त्या आठवड्यात बाबा पेढे घेऊन इस्पितळात गेले. डॉक्टरीणबाईंनी पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, "मुंबई तुमची. पण पोरगी दर सहा महिन्यांनी माझी."

खोताच्या वाडीतली मुलगी आम्हाला अधूनमधून बाकावर भेटायची. एका खेपेला धाकटी तेरा वर्षांची होती आणि ती मुलगी शाळेत जाण्याएवढी. धाकटीने तिला विचारलं, "हात लावू?" आणि अंगठा तिच्या कानशिलावर टेकवला. मग दुसऱ्या कानशिलावर. अंगठा पुन्हा पहिल्यावर आणला. आम्ही चौघी, दोन आया आणि मी नि ती मुलगी, धाकटीच्या तोंडाकडे बघत होतो.

"खोल नाही," धाकटी म्हणाली. "ताई, बघ ना. भरलेलं आहे."

ती मुलगी गुदगुल्या झाल्यासारखी हसली. तिच्या आईने माझ्या आईचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. डॉक्टरीणबाई सरळ माणूस. त्यांनी स्पष्ट सांगितलं की हे एकट्या धाकटीमुळे झालेलं नाही, बाकीची मुलं होती, यंत्रंही आता चांगली आली होती. "पण सुरुवात हिच्यापासून," त्या म्हणाल्या. घरी येताना धाकटी रस्त्याच्या मधून चालत होती, आणि आईने तिला एकदाही कडेला ओढलं नाही.

पुढे ती पोस्टात लागली आणि खिडकीवर बसली. आतल्या टेबलाचं काम मिळत होतं, ते तिने घेतलं नाही. खिडकीच्या चौकटीतून तिचा चेहरा जन्मभर परळ-दादरच्या लोकांसमोर होता, समोरून. गालात भर घालायचं ऑपरेशन निघालं तेव्हा तरुण डॉक्टरांनी तिला सुचवलं. ती म्हणाली, "हा मापलेला चेहरा आहे. आता त्यात काही घालू नका." डॉक्टरीणबाई निवृत्त झाल्या त्या दिवशी इस्पितळाच्या सभागृहात त्यांनी आपल्या पेशंट मुलांचे फोटो पडद्यावर दाखवले. ओळख पटू नये म्हणून प्रत्येकाच्या डोळ्यांवर काळी पट्टी होती. आपला फोटो आला तशी धाकटी मागच्या रांगेतून उठून म्हणाली, "माझी पट्टी काढा. एक डोळा तसाही माझा नाही, झाकता कशाला?" सभागृह हसलं.  मी धाकटीच्या शेजारी बसले होते. तेव्हा मला जो अभिमान वाटला तो मी कुणाला बोलून दाखवला नाही. आता दाखवते आहे.

स्टुडिओत फोटो काढताना फोटोवाले तिला नेहमी म्हणायचे, "जरा इकडे वळा, चांगलं येईल." ती वळायची नाही. "समोरून," म्हणायची.

परवा दादरच्या त्या मुलाने मूळ फोटो पुन्हा छापून दिला. देताना म्हणाला, "काकू, नक्की ना? काहीच करायचं नाही?"

"काही नाही. नेमका आहे तसा."

फोटो मी माझ्या हाताने भिंतीवर लावला. लावून मागे सरले तेव्हा काचेत माझाही चेहरा उमटला, तिच्या चेहऱ्याशेजारी. मी पुष्कळ वेळ बघत उभी राहिले. माझी डावी बाजू जराशी कमी आहे. आईनेच मापलेली आहे ती.